टाक्याच्या शेजारची रेघ

घंटेचे आयुष्य मोठे असते. १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला आणि त्यानंतर येथील चर्चमधल्या अनेक घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर त्या आजही टांगलेल्या दिसतात. माणसे गेली, राज्ये गेली, घंटा राहिल्या. परंतु घंटा ज्या आधारावर झुलते त्या आधाराची आठवण कोणी ठेवीत नाही. लाकूड असेल तर त्याला वाळवी लागते, लोखंड असेल तर खारा वारा ते खातो. दर पिढीला नवा आधार करावा लागतो आणि तो करणाऱ्याचे नाव काही घंटेवर कोरले जात नाही. आज अशाच एका आधाराविषयी आम्हांला लिहावयाचे आहे. लिहिताना आमच्या हातून घडलेल्या एका अन्यायाची कबुलीही द्यावी लागणार आहे. वाचकांनी ती सोसून घ्यावी.

२०१७ साली समुद्रकाठच्या एका धर्मग्रामाची जबाबदारी आमच्यावर आली. तेथील मनोऱ्यातली घंटा सुमारे दीडशे किलो वजनाची. ज्या दोन लोखंडी ब्रॅकेटांवर ती झुलत होती त्यांचे गंजून पापुद्रे सुटू लागले होते. आता पुन्हा लोखंड नको, स्टेनलेस स्टीलच करू या, असे सल्लागार मंडळात एकमताने ठरले. धर्मग्रामातच एक फॅब्रिकेटर होते. त्यांचे वडील लोहारकाम करीत. मुलाने भात्याच्या जागी गॅसची टाकी आणि वेल्डिंगचे यंत्र आणले, एवढाच काय तो फरक. स्वभावाने अबोल, हिशेबाला चोख आणि रविवारच्या गायकवृंदातला खर्जाचा आवाज त्यांचाच.

"सरळ पट्ट्यांचे ब्रॅकेट केले तर काम सोपे होईल, फादर," असे त्यांनी सुरुवातीलाच सुचवले होते. परंतु जुन्या ब्रॅकेटांचा कमानदार बाक आमच्या मनात भरला होता. "तसाच बाक हवा," असा आम्ही हट्ट धरला. त्यातून धर्मग्रामाचा सण अवघ्या तीन आठवड्यांवर आला होता. दहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या बाजारातून आल्या, त्याबरोबर '३०४' असे लिहिलेले बिल आले आणि रात्री जागून काम सुरू झाले. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या वर्कशॉपमध्ये डोकावलो. गॅसच्या ज्योतीखाली पट्टी लालभडक झाली होती. ती साच्यावर वाकवून, तिला दुसरी पट्टी जोडून ते एकावर एक टाक्यांचे थर भरीत होते. काम संपल्यावर तो तापलेला ब्रॅकेट त्यांनी कोरड्या वाळूत पुरला. आम्ही कुतूहलाने विचारले, तेव्हा म्हणाले, "तापलेल्या लोखंडाला घाईने गार करू नये, फादर. कडक होते आणि मग तडकते. आमचे बाबा राखेत पुरून ठेवायचे." त्या हातांतली काळजी पाहून आम्हांला भरून आले. सणाच्या दिवशी घंटा नव्या ब्रॅकेटांवर झुलली, आणि पुढली चार वर्षे त्या ब्रॅकेटांकडे कोणीही पाहिले नाही.

२०२१ चा पावसाळा संपला. घंटा वाजवणारे वृद्ध गृहस्थ एके दिवशी म्हणाले, "फादर, घंटा ओढताना वरून कुरकुर ऐकू येते." मनोऱ्यावर चढून पाहिले तो छातीत धस्स झाले. एका ब्रॅकेटवर, टाक्यापासून जेमतेम अर्धे बोट अंतरावर, टाक्याला समांतर अशी एक तपकिरी रेघ उमटली होती आणि त्या रेघेतून केसासारखी चीर गेली होती. बाकाच्या आतल्या अंगालाही तसाच डाग होता. टाका स्वतः शाबूत होता. बाकीची पट्टीही पहिल्या दिवसासारखी चकाकत होती. हातोडीने वाजवून पाहिले, तर चांगल्या भागातून खणखणीत आवाज आला आणि रेघेपाशी तो मातीच्या फुटक्या भांड्यासारखा बसका झाला. मनोऱ्याखाली दर रविवारी धर्मशिक्षणाची मुले रांगेत उभी राहतात. घंटा त्याच दिवशी खाली उतरवली.

आता आमच्या चुकीकडे येतो. 'स्टेनलेस' या नावाखाली बाजारात काय काय विकले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. निकेल कमी घातलेला हलका माल ३०४ म्हणून गळ्यात मारला जातो. मंडळाच्या सभेत हाच विषय निघाला आणि ब्रॅकेट पाहून आलेले आम्ही रागाच्या भरात बोलून गेलो, "परक्याने फसवले असते तर समजलो असतो. आपल्याच माणसाने घंटेशी लबाडी करावी?" धर्मगुरूच्या तोंडचे वाक्य सभेच्या खोलीत राहत नाही. दुसऱ्या दिवशी ते बाजारात होते, तिसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या गावात. ते गृहस्थ बिल घेऊन आमच्याकडे आले. आम्ही ते उभ्याउभ्याच वाचले आणि परत केले. बिल कोणीही देतो, असे आम्ही म्हटले नाही; परंतु आमच्या चेहऱ्याने ते म्हटले असावे. ते गुपचूप गेले. त्या रविवारी गायकवृंदात खर्जाचा आवाज नव्हता. पुढे कळले, की ते शेजारच्या धर्मग्रामात मिस्सेला जातात आणि ठरलेली दोन फाटकांची कामेही दुसऱ्या कोणाकडे गेली आहेत.

धर्मग्रामातील एक मुलगी धातुशास्त्राची पदवी घेऊन वसई पूर्वेकडील एका तपासणी प्रयोगशाळेत काम करीत होती. एका सायंकाळी ती धर्मगुरुनिवासात आली. "फादर, तो तुटका ब्रॅकेट भंगारात दिलात का?" आम्ही म्हटले, "अजून नाही." "मग देऊ नका," ती म्हणाली, "नुसत्या गंजावरून धातूची जात कळत नाही. आधी पाहू या." तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, तरी 'आधी पाहू या' हे शब्द आमच्या कानांत बराच वेळ राहिले. आम्ही पाहण्याआधीच निकाल दिला होता.

पहिली तपासणी रासायनिक होती. धातूवर विजेची ठिणगी पाडून, तिच्या प्रकाशावरून त्यातील घटक मोजणारे एक यंत्र असते. त्याने काही क्षणांत उत्तर दिले: क्रोमियम १८.२ टक्के, निकेल ८.१ टक्के, कार्बन ०.०७ टक्के. म्हणजे माल अस्सल ३०४ होता. बिल खरे होते आणि बिल आणणाराही. आम्ही तो कागद हातात घेऊन बसून राहिलो. लबाडी नव्हती हे कळले. मग अस्सल स्टील गंजले का, हे मात्र कळेना. ती म्हणाली, "फादर, काय काय आहे एवढेच या कागदावरून कळते. ते कसे मांडले आहे ते सूक्ष्मदर्शकातच दिसेल."

तिचे हे वाक्य ऐकून आम्हांला सेमिनरीतले दिवस आठवले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ॲरिस्टॉटल शिकताना द्रव्य आणि आकार यांचा भेद आम्ही पाठ केला होता: एकाच द्रव्याने आकार बदलला की वस्तूचा स्वभाव बदलतो. परीक्षेत त्यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. त्या विचाराचे प्रात्यक्षिक औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पाहावयास मिळेल, असे मात्र तेव्हा वाटले नव्हते.

धातूकडे सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची विद्या फारशी जुनी नाही. इंग्लंडातील शेफील्ड या पोलादाच्या शहरात हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नावाचे एक हौशी संशोधक होऊन गेले (१८२६–१९०८). मूळचे ते खडकांचे अभ्यासक. १८६३ साली त्यांनी पोलादाचा तुकडा आरशासारखा घासून, त्यावर सौम्य आम्ल लावून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वरून एकसंध दिसणारे पोलाद आतून असंख्य कणांचे बनलेले आहे, हे त्यांना दिसले. आगगाडीच्या अपघातानंतर रूळ सूक्ष्मदर्शकाने तपासा, असे आपण त्या काळी सुचवले असते तर लोकांनी आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवले असते, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. वीसेक वर्षांनी अधिक शक्तीच्या भिंगातून त्यांनी पाहिले, तेव्हा पोलादातला मोत्यासारखा चमकणारा भाग हा एकाआड एक रचलेल्या अतिपातळ पापुद्र्यांचा आहे आणि त्यातला एक पापुद्रा लोह व कार्बन यांच्या संयुगाचा, म्हणजे कार्बाइडचा आहे, असे उघड झाले. पुढे त्याच शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्यांसाठी क्रोमियमयुक्त पोलाद केले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्याला आम्ल लावले, तर आम्ल त्याला धरेना! त्यातूनच न गंजणाऱ्या पोलादाचा शोध लागला. जर्मनीत क्रुप कारखान्यातील स्ट्राउस आणि माउरर यांनी १९१२ मध्येच क्रोमियम व निकेल घातलेल्या पोलादाची एकस्वे घेतली होती. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे आज आपल्या घरातल्या भांड्यांपर्यंत पोहोचलेले प्रमाण शेफील्डच्याच हॅटफील्ड यांनी १९२४ साली रूढ केले.

आमच्या ब्रॅकेटचा एक तुकडा रेघेपाशी कापला गेला, एक तिच्यापासून दूर. कापतानाही वर सतत पाण्याची धार धरलेली होती. कारण कापण्याच्या उष्णतेने आतली रचना बदलली तर साक्षीदारच बिघडायचा. मग ते तुकडे काळ्या बॅकेलाइटच्या वडीत बसवले. खरखरीत पॉलिश पेपरापासून अधिकाधिक बारीक पेपरापर्यंत एकामागून एक घासले आणि शेवटी मखमली कापडावर हिऱ्याची एक मायक्रॉनची भुकटी लावून आरशासारखे केले. आरशासारखा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काहीच दिसेना. "एवढ्या झिलईत सगळेच निर्दोष दिसते," ती हसून म्हणाली. मग ऑक्झॅलिक आम्लाच्या १० टक्के द्रावणात तो तुकडा बुडवून, दर चौरस सेंटिमीटरला एक ॲम्पिअर या प्रमाणात दीड मिनिट वीज सोडली. धुऊन, वाळवून तुकडा पुन्हा भिंगाखाली गेला.

पहिल्यांदा तिने रेघेपासून दूरचा भाग दाखवला. टेकडीवर उभे राहून खालच्या वाडीतले वाफे पाहावेत तसे कण दिसत होते. कोणी उजळ, कोणी सावळा, एकाची पातळी थोडी उंच, दुसऱ्याची थोडी खाली. मधूनमधून पट्टीने आखल्यासारख्या सरळ समांतर रेघा. "याला पायरीची रचना म्हणतात," ती म्हणाली. "कणाकणांत नुसत्या पायऱ्या आहेत, मध्ये खड्डा नाही. हे निरोगी स्टील." मग तिने तुकडा बदलला. आम्ही पुन्हा डोळा लावला आणि क्षणभर बोलवेना. वाफे तेच होते. पण प्रत्येक वाफ्याभोवती काळा, खोल चर खणलेला होता. जणू प्रत्येक कण शेजाऱ्यापासून तोडून एकटा उभा केला होता. एका कणाभोवती जरी असा संपूर्ण चर सापडला, तरी ते स्टील या चाचणीत निर्धोक ठरत नाही. येथे पाचशे पट मोठ्या केलेल्या त्या वर्तुळात चर नसलेला कण शोधावा लागत होता.

हा चर कशाचा? तिने समजावून दिले ते असे. साखरेचा पाक करताना उकळत्या पाण्यात भरपूर साखर मावते. तोच पाक निवत ठेवला की साखर सुटून भांड्याच्या कडेला धरते. पोलादातल्या कार्बनचेही तसेच आहे. हजार अंशांच्या वर तो धातूत विरघळलेला असतो. ८५० अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्याला तेथे राहवत नाही. तो क्रोमियमला ओढून घेतो आणि दोघांच्या संयुगाचा साका कणांच्या सीमांवर धरतो. या कार्बाइडमध्ये कार्बनच्या ६ अणूंमागे क्रोमियमचे २३ अणू असतात. वजनात सांगायचे तर एका भागाला साडेसोळा भाग. ४५० अंशांच्या खाली अणूंची हालचाल इतकी मंदावते, की साका धरणेच थांबते. म्हणजे धोका आहे तो या दोन तापमानांच्या मधल्या टप्प्यात किती वेळ काढला त्यात. ०.०८ टक्के कार्बन असेल तर काही मिनिटेही पुरतात, ०.०३ टक्के असेल तर कित्येक तास लागतात. टाक्याच्या अगदी जवळची जागा फार तापते आणि लांबची पुरेशी तापतच नाही. म्हणून रेघ उमटते ती टाक्याच्या शेजारी. बाकापाशी गॅसच्या ज्योतीने तोच खेळ केला होता.

आम्ही हिशेब करून पाहिला. ०.०७ टक्के कार्बनने आपल्या साडेसोळा पट क्रोमियम खाल्ले, तरी खर्च झाला सव्वा टक्क्याहूनही कमी. अठरातून सव्वा गेले तर जवळजवळ सतरा उरले. आणि गंज रोखणारा तो काही नॅनोमीटर जाडीचा अदृश्य पापुद्रा धरायला अकरा-बारा टक्के पुष्कळ झाले. मग गंज चढला कसा? येथेच सारी मेख होती. कार्बनचा अणू लहान आणि चपळ. तो दुरून धावत येतो. क्रोमियमचा अणू मोठा आणि जड. तो लांबून येऊ शकत नाही. म्हणून कार्बाइडला लागणारे सगळे क्रोमियम सीमेलगतच्या अरुंद पट्टीतून उपसले जाते. कणाच्या पोटात अठरा टक्के तसेच राहतात आणि कडेची पट्टी मात्र रिकामी होते. ठिणगीचे यंत्र सरासरी सांगते, आणि सरासरी निर्दोष असते. खाऱ्या वाऱ्याला सरासरीशी कर्तव्य नाही. तो नेमका त्या उपाशी पट्टीतून आत शिरतो. अमेरिकेतील एडगर बेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली ही कारणमीमांसा मांडली. त्याआधीच्या दशकात रासायनिक कारखान्यांतील नव्या टाक्या वेल्डिंगच्या शेजारी का सडतात, याने अनेकांना कोड्यात टाकले होते.

त्या मुलीचे समाधान एवढ्यावर झाले नाही. आम्लाने खणलेला चर आपण पाहिला, पण ज्याच्यामुळे तो खणला गेला ते कार्बाइड पाहिले नाही, असे तिचे म्हणणे. साध्या प्रकाशाच्या भिंगाला मिलिमीटरच्या पाच-हजाराव्या भागाहून लहान तपशील वेगळा काढता येत नाही. त्यापलीकडे पाहण्यासाठी इलेक्ट्रॉनांचा झोत लागतो. तसा पहिला सूक्ष्मदर्शक १९३१ साली बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि माक्स नॉल यांनी बनवला. रुस्कांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली. मुंबईतील एका संस्थेत तिने आमचा तुकडा नेला आणि दहा हजार पट मोठी केलेली एक प्रतिमा छापून आणली. तीत दोन कणांची सीमा तिरकी गेली होती आणि त्या सीमेवर बारीक बारीक दाणे एकमेकांना लागून बसले होते. रोझरीच्या माळेसारखे, असे आमच्या तोंडून निघून गेले. त्या दाण्यांच्या दोन्ही अंगांची रिकामी पट्टी इतकी अरुंद, की ती नीट मोजायची तर नॅनोमीटरांत मोजायची, आणि त्यासाठी धातूचा आरपार दिसणारा पापुद्रा तयार करून वेगळ्या यंत्राखाली धरावा लागतो. आमच्या कामाला त्याची गरज नव्हती. घंटा पाडू शकणारा शत्रू कोठे बसला होता, ते कळले होते.

त्याच संध्याकाळी ती प्रतिमा घेऊन आम्ही दोघे त्या फॅब्रिकेटरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने पाणी आणून ठेवले, पण बसा म्हटले नाही. आम्ही बसलो. येताना मनात जुळवलेली वाक्ये कोठल्या कोठे गेली. "माल अस्सल होता. आम्ही तुमच्यावर खोटा आळ घेतला," एवढेच बोललो. ते काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि प्रतिमा दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिली. मुलगी त्यांना हळूहळू समजावून सांगत होती. साध्या पोलादाला वाळूत निववणे मानवते; या स्टीलला मात्र हजार-साडेदहाशे अंशांवरून झटकन पाण्यात घालून गार करावे लागते, म्हणजे कार्बनला साका धरायला वेळच मिळत नाही. ते ऐकताना त्यांचा चेहरा पडत गेला.

"म्हणजे मी वाळूत पुरले नसते तर?" त्यांनी विचारले.

"तर एवढे झाले नसते, काका," ती म्हणाली.

"मग चूक माझीच."

दोषमुक्तीची बातमी घेऊन आलो आहोत अशी आमची समजूत होती. आणि हा मनुष्य आपल्या चुकीची जागा शोधत होता. आम्ही म्हटले, "चूक होती, लबाडी नव्हती. आम्ही लबाडी म्हटले. आणि बाकाचा हट्ट आमचा, सणाची घाईही आमचीच. तुम्ही तर सरळ पट्ट्याच सांगत होता." त्यावर ते एवढेच म्हणाले, "बाबांनी सांगितले तसे केले, फादर. बाबांच्या हातात हे स्टील कधी आलेच नव्हते." त्यांच्या पत्नीने मग चहा टाकला.

पुढच्या रविवारी मिस्सेच्या शेवटी, सूचनांच्या वेळी, सभेत जे बोललो होतो ते आम्ही सर्वांसमोर मागे घेतले. माल खरा होता, माणूसही खरा होता आणि धर्मगुरूने न पाहता निकाल दिला, हे तितक्याच स्पष्ट शब्दांत सांगितले. प्रवचनात आम्ही कुसळ आणि मुसळ यांवर कितीदा तरी बोललो असू. स्वतःच्या डोळ्यातले मुसळ ध्वनिवर्धकासमोर उभे राहून काढणे वेगळे. काही जण त्या गृहस्थांच्या घरी गेले. काही गेले नाहीत. गेलेल्या कामांपैकी एक परत आले. दुसरे आले नाही. आम्ही आमचे वाक्य मागे घेतले खरे, पण ते जेथे जेथे पोहोचले होते तेथे तेथे मागे घेण्याचे वाक्य पोहोचले नाही. याची रुखरुख अजून आहे.

धर्मग्रामाचा वार्षिक अहवाल लिहिताना आम्ही बेरजा मांडतो: इतके बाप्तिस्मे, इतके विवाह, रविवारची इतकी उपस्थिती. सरासरी नेहमी चांगली असते. त्या वर्षी अहवाल लिहिताना प्रथमच लेखणी थबकली. एक कुटुंब कडेला सरकून शेजारच्या धर्मग्रामात गेले होते, आणि आमच्या कोणत्याही आकड्यात ते दिसत नव्हते.

२०२२ च्या सुरुवातीला नवे ब्रॅकेट झाले. काम त्यांनाच दिले. त्यांनी आधी नको म्हटले, मग एका अटीवर घेतले, की तपासणी त्याच मुलीने करावी. या वेळी स्टील ३१६ एल घेतले. खाऱ्या हवेसाठी त्यात मॉलिब्डेनम असते आणि 'एल' हे अक्षर कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर नाही याची खूण. किंमत जास्त पडली. पट्ट्या सरळ ठेवल्या, बाकाचे नावही आम्ही काढले नाही. टाक्याचा एक थर भरला की हात लावता येईल इतका निवेपर्यंत दुसरा भरायचा नाही, असा त्यांनी स्वतःशीच नियम केला. ब्रॅकेटबरोबर त्याच पट्टीच्या दोन तुकड्यांना तसाच टाका मारून नमुना तयार केला. तो नमुना घासून, आम्ल लावून भिंगाखाली गेला तेव्हा ते प्रयोगशाळेत हजर होते. भिंगाला डोळा लावून ते कितीतरी वेळ वाकून उभे राहिले. "कुठे चर दिसत नाही," ते म्हणाले, आणि खात्री करून घेण्यासाठी पुन्हा वाकले.

२०२३ साली आमची बदली झाली. त्या दहा हजार पट प्रतिमेची एक प्रत आमच्या प्रार्थनापुस्तकात असते. कोणाविषयी कोणी तावातावाने सांगू लागले, की आम्ही ती काढून समोर ठेवतो. सांगणाऱ्याला वाटते, फादर विषय बदलत आहेत.

मागच्या सणाला त्या धर्मग्रामात जाण्याचा योग आला. गायकवृंदात खर्जाचा आवाज होता. पूर्वीपेक्षा थोडा थकलेला. मिस्सा आटोपल्यावर ते आम्हांला मनोऱ्यावर घेऊन गेले. जिने चढताना दोघांनाही धाप लागली. वर पोहोचल्यावर त्यांनी खिशातून एक छोटी हातोडी काढून आमच्या हातात दिली. "वाजवून पाहा, फादर," ते म्हणाले. "टाक्याच्या शेजारी वाजवा."

आम्ही टाक्याच्या शेजारी हलकेच हातोडी मारली. पट्टी खणखणीत वाजली.